अंदाज आणि हजेरी : प्रवाशांच्या निवडीचे गणित आणि आपले जुळे शहर



महाप्रसादाची पाने किती धरायची, हा प्रश्न आपल्या मंडळात दरवर्षी आदल्या रात्री निघतो आणि दरवर्षी माझ्या गळ्यात पडतो. मी सरकारी खात्यातला, डिप्लोमा झालेला, आकडेमोड करणारा. म्हणून हे काम माझे, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले आहे. काही वर्षांपूर्वी मी तीनशे पाने धरली होती आणि मोजून तीनशेच्या आसपास माणसे जेवली. माझी पाठ थोपटली गेली. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी पंगतीचा पार गोंधळ उडाला होता. पहिल्या पंगतीला शंभर धरले होते, तिथे दीडशे आले. वयस्कर मंडळी ताटकळत उभी राहिली. शेवटच्या पंगतीला शंभर धरले होते, तिथे जेमतेम पन्नास. बेरीज जुळली आणि अंदाज फसला, या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या.

स्मरणिकेसाठी ‘तुमच्या कामाशी संबंधित काहीतरी इतिहास लिहा’ असा आग्रह झाला तेव्हा मला ही दुपार आठवली. कारण माणसे काय निवडतील याचा अंदाज बांधणे, आणि मग प्रत्यक्ष हजेरी लागल्यावर तो अंदाज कितपत जुळला हे तपासणे, या दोन कामांचा मोठा आणि रंजक इतिहास आहे. त्यात अमेरिकेतली एक रेल्वे आहे, सातारा आणि कोल्हापूरची दोन मराठी माणसे आहेत, आपल्या हैदराबादेत ज्यांच्या नावाचा रस्ता आहे असे एक महान गणिती आहेत, आणि आपल्या सिकंदराबादवरून रोज धावणारी मेट्रोही आहे. शेवटी थोडी माझी स्वतःचीही गोष्ट आहे. ती आजवर मी कोणाला सांगितलेली नाही.

निवडीचे शहर

सिकंदराबाद हे पहिल्यापासून प्रवासाचे गाव. वाडीहून इथवरची रेल्वे १८७४ साली सुरू झाली. पुढे मनमाडची मीटरगेज आली आणि नांदेड-परभणीकडच्या अनेक घरांप्रमाणे माझे आजोबाही त्याच गाडीने इथे उतरले. १९३२ च्या जूनमध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. आजच्या आरटीसीचे मूळ तेच.

आजोबांच्या काळी निवड सोपी होती. चालायचे, सायकल काढायची, नाही तर रिक्षात बसायचे. वडिलांच्या काळी बस आणि पुढे स्कूटर आली. २००३ मध्ये एमएमटीएसच्या लोकल सुरू झाल्या. २८ नोव्हेंबर २०१७ ला मियापूर-अमीरपेट-नागोल या ३० किलोमीटरच्या मेट्रोचे उद्घाटन झाले आणि परेड ग्राउंड, सिकंदराबाद पूर्व, मेट्टुगुडा, तारनाका ही आपली रोजची नावे स्टेशनांच्या पाट्यांवर चढली. आज तारनाक्याहून हायटेक सिटीला जाणाऱ्या मुलीपुढे बस, मेट्रो, शेअर ऑटो, स्वतःची दुचाकी, मोबाईलवरून बोलावलेली गाडी असे पाच-सहा पर्याय असतात.

आता सरकारला नवी मार्गिका बांधायची असेल तर हजारो कोटी ओतण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच लागतो: यांतले कितीजण आपली रोजची सवय सोडून नव्या गाडीत बसतील? जी गाडी अजून धावलेलीच नाही, तिची हजेरी आधी कशी सांगायची? निवडीच्या प्रतिमानांचे, म्हणजे ज्याला सगळे ‘चॉइस मॉडेल’ म्हणतात त्याचे, काम इथे सुरू होते.

गुण देण्याची रीत

कल्पना तशी घरगुती आहे. स्थळ पाहताना आपण मनातल्या मनात गुण देतोच: नोकरीचे इतके, घराचे इतके, स्वभावाचे इतके. तसेच प्रत्येक वाहनाला गुण द्यायचे. प्रवासाला लागणारी मिनिटे, भाडे, थांब्यापर्यंतची चाल, वाट पाहण्याचा वेळ, गाडी किती वेळा बदलावी लागते. यांतल्या प्रत्येकाचे वजन ठरवायचे आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त, ते वाहन माणूस निवडेल.

पण माणूस असा यंत्रासारखा वागत नाही. दोन शेजारी, सारखा पगार, सारखे ऑफिस. तरी एक बसने जातो आणि दुसरा दुचाकीने. सर्वेक्षण करणाऱ्याला न दिसणारे काहीतरी प्रत्येकाच्या मनात असते. म्हणून ‘हा माणूस मेट्रोनेच जाईल’ असे न म्हणता ‘मेट्रोने जाण्याची शक्यता शंभरात तीस’ असे म्हणायचे. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ साली ही दिशा दाखवली, १९५९ मध्ये लूस यांनी तिला नियमांची चौकट दिली आणि १९७४ मध्ये डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने तिच्यावर ‘लॉजिट’ नावाची पक्की इमारत उभी केली. या कामाबद्दल त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, जेम्स हेकमन यांच्याबरोबर विभागून.

मॉडेल बांधणे हा झाला अर्धा भाग. ते जुळते की नाही हे कसे ओळखायचे?

पहिली रीत अशी. काहीच माहिती नसलेला माणूस काय म्हणेल? पर्याय पाच असतील तर प्रत्येकाची शक्यता सारखी, शंभरात वीस. हा आंधळा अंदाज. आपले मॉडेल प्रत्यक्ष निवडींना या आंधळ्यापेक्षा किती जास्त शक्यता देते, हे शून्य ते एक अशा मापावर मोजायचे. मॅकफॅडन यांनीच हे माप सुचवले. गंमत म्हणजे या मापावर ०.२ ते ०.४ आले तरी जुळणी उत्तम, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. शाळेत शंभरापैकी तीस मिळाले तर आपण मुलाचे कान धरू. पण माणसाच्या मनाच्या परीक्षेत तीस गुण म्हणजे पहिला वर्ग, ही नम्रता मला फार आवडते.

खाडीपलीकडची परीक्षा

मॅकफॅडन आणि त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांना एक दुर्मीळ संधी मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती ‘बार्ट’ नावाची नवी रेल्वे येत होती. ती सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच त्यांनी ७७१ नोकरदारांना गाठून कामावर कसे जाता, किती वेळ लागतो, किती खर्च होतो हे विचारून घेतले होते. मोटार आणि बस यांच्यातल्या निवडीवरून त्यांनी मिनिटांची आणि पैशांची वजने काढली, आणि जी रेल्वे त्यांतल्या कोणीच वापरली नव्हती तिच्यात कितीजण बसतील ते सांगितले.

म्हणजे ही खरी परीक्षा होती. एरवी ज्या आकड्यांवरून मॉडेल बांधायचे त्याच आकड्यांवर ते तपासायचे, हे प्रश्नपत्रिका आधी वाचून परीक्षेला बसण्यासारखे आहे. इथे पेपर नवा होता.

अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक बार्टने जातील. मॅकफॅडन यांच्या गटाचा अंदाज होता ६.३ टक्के. प्रत्यक्षात निघाले ६.२ टक्के. वाहतूक नियोजनाच्या वर्गात हा किस्सा आजही सांगतात, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारतात. माझेही विस्फारले होते.

पण त्या गटातच काम केलेले केनेथ ट्रेन (आडनावही ट्रेनच!) यांनी आपल्या पुस्तकात एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे. चालत स्टेशनला जाऊन बार्ट पकडणाऱ्यांचा मूळ अंदाज तब्बल बारा पटींनी जास्त निघाला होता. बार्ट सुरू झाल्यावर तेवढा भाग दुरुस्त करावा लागला. ६.३ हा आकडा वाचताना ही दुरुस्ती लक्षात ठेवावी लागते. मॉडेलने तोवर फक्त बसथांब्यापर्यंतचे चालणे पाहिले होते. आपल्या गल्लीतून थांब्यावर जाणे आणि मोठे रस्ते ओलांडून स्टेशनवर जाणे, यांत घड्याळाची मिनिटे सारखी असतील. पायांना ती सारखी वाटत नाहीत.

माझ्या महाप्रसादासारखेच झाले. बेरजेकडे पाहून टाळ्या वाजवण्यापूर्वी एकेक पंगत मोजायला हवी.

साताऱ्याचा काय-वर्ग, कोल्हापूरची टेकडी, हैदराबादचा उतार

एकेक पंगत मोजण्याची जुनी कसोटी म्हणजे कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची ‘काय-वर्ग’ चाचणी. ती इतकी सोपी आहे की स्मरणिकेच्या पानावरही मांडता येते.

समजा, आपल्या शंभर सभासदांपैकी ४० बसने, ३५ दुचाकीने आणि २५ मेट्रोने येतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात आले ५०, ३० आणि २०. प्रत्येक ओळीत फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि अंदाजाच्या आकड्याने भागायचे. पहिल्या ओळीत १०० भागिले ४०, म्हणजे २.५. दुसऱ्या ओळीत २५ भागिले ३५, म्हणजे साधारण ०.७१. तिसऱ्या ओळीत २५ भागिले २५, म्हणजे १. बेरीज ४.२१. तीन पर्याय असताना नेहमीची मर्यादा ५.९९ धरतात. बेरीज तिच्या आत आहे, तेव्हा माझा अंदाज ‘नापास’ म्हणता येत नाही. फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल.

आता हेच प्रमाण एक हजार माणसांत निघाले असते तर? अंदाज ४००, ३५०, २५० आणि हजेरी ५००, ३००, २००. बेरीज दसपट होते, ४२.१. अंदाज सपशेल नापास! चूक तीच, प्रमाण तेच. फक्त माणसे जास्त मोजली. यातला धडा मोठा आहे. थोडी माणसे विचारली तर वाईट मॉडेलही पास होते. म्हणून कोणी ‘आमचे मॉडेल कसोटीला उतरले’ म्हणाले की पहिला प्रश्न विचारावा: किती माणसांवर?

मोजलेली संख्या फार लहान असली तर या कसोटीवर मुळात कितपत विसंबावे, हा पुढचा प्रश्न. त्यावर ज्यांनी लवकर काम केले त्यांत आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले सुखात्मे लंडनला गेले, आणि १९३८ मध्ये त्यांनी लहान संख्यांच्या बाबतीत काय-वर्गाचे वर्तन कसे राहते यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ते भारतात पिकांच्या नमुना पाहणीसाठी आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतल्या कामासाठी जगभर ओळखले गेले. देशात धान्य किती पिकले, हे शेतात जाऊन, ठरावीक तुकडा कापून, वजन करून सांगायचे. कचेरीत बसून नव्हे. या पद्धतीच्या पायाशी या मराठी माणसाचे काम आहे.

दुसरे वसंत शंकर हुजूरबाजार, कोल्हापूरचे. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये त्यांनी सुरू केला. त्यांचे काम समजायला एक टेकडी डोळ्यांपुढे आणा. मिनिटांना किती वजन द्यायचे, भाड्याला किती, अशी वेगवेगळी वजने घेऊन पाहायची. ज्या वजनांनी प्रत्यक्ष निवडींची शक्यता सर्वांत जास्त येते तो टेकडीचा माथा. मॉडेल ‘बसवणे’ म्हणजे हा माथा शोधणे. पण टेकडीला दोन-तीन माथे असतील तर? आपण भलत्याच शिखरावर झेंडा लावला तर? हुजूरबाजारांनी १९४८ मध्ये दाखवले की काही अटी पाळल्या आणि माहिती पुरेशी मोठी असली तर खऱ्या उत्तराकडे नेणारा माथा एकच असतो. लॉजिटच्या बाबतीत तर टेकडीला मुळात एकच माथा असतो, हे मॅकफॅडन यांनी पुढे सिद्ध केले. त्यामुळेच हे मॉडेल वापरणाऱ्याला रात्री शांत झोप लागते.

तिसरे नाव आपल्या शहराचे. सी. आर. राव. १९२० साली हडगली इथे जन्मलेले, आंध्र विद्यापीठात आणि कलकत्त्याला शिकलेले राव त्याच सुमारास केंब्रिजमध्ये होते. १९४८ मध्येच त्यांनी एक कसोटी मांडली. समजा, आपण साधे मॉडेल बसवले आणि मनात शंका आली की त्यात चालण्याच्या अंतराला वेगळे वजन द्यायला हवे होते का. मोठे मॉडेल पुन्हा बांधायची गरज नाही, असे राव म्हणतात. जिथे उभे आहात तिथे पायाखाली उतार लागतो का ते पाहा. जमीन सपाट असेल तर तुम्ही माथ्यावरच आहात, नव्या वजनाने फारसे काही बदलणार नाही. पायाखाली तीव्र उतार असेल तर माथा दुसरीकडे आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसालाही हे पायाने कळते. ही रावांची ‘स्कोअर’ कसोटी आज जगभर वापरतात. गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाची संस्था आहे आणि शेजारून त्यांच्याच नावाचा रस्ता जातो. २०२३ मध्ये, वयाची एकशे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, संख्याशास्त्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

विचार करा. १९४८ हे आपल्या हैदराबाद संस्थानासाठी किती धामधुमीचे वर्ष होते! रझाकारांच्या भीतीने कितीतरी मराठी घरे गाठोडी बांधून बसली होती. त्याच वर्षी दूर केंब्रिजच्या वर्तुळात एक कोल्हापूरचा आणि एक आंध्रात शिकलेला तरुण ‘अंदाज खरा कसा ठरवावा’ याची हत्यारे घडवत होते.

लाल बस, निळी बस

लॉजिटच्या एका दोषाची गोष्ट शिकवताना जगभर बसचेच उदाहरण देतात. समजा, गावात निम्मे लोक स्कूटरने आणि निम्मे लाल बसने जातात. एका रात्रीत निम्म्या बसगाड्यांना निळा रंग दिला. आता पर्याय तीन झाले, म्हणून साधे लॉजिट सांगते की स्कूटर एक तृतीयांश, लाल बस एक तृतीयांश, निळी बस एक तृतीयांश. म्हणजे नुसता रंग बदलल्याने स्कूटरवाल्यांपैकी तिसरा हिस्सा बसमध्ये येऊन बसला! आपल्या घरातले लहान मूलही सांगेल की असे होणार नाही. स्कूटरवाले निम्मेच राहतील, आणि बसवाले लाल-निळ्यात वाटले जातील.

हा दोष आहे की नाही हे तपासायची एक रीत हाउसमन आणि मॅकफॅडन यांनी १९८४ मध्ये दिली. एक पर्याय बाजूला काढा, उरलेल्यांवर मॉडेल पुन्हा बसवा. वजने तशीच राहिली तर ठीक. बदलली, तर पर्याय एकमेकांचे भाऊबंद आहेत आणि साधे लॉजिट पुरणार नाही. मॅकफॅडन आपल्याच मॉडेलला नापास करण्याची सोय स्वतः करून देतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. मेट्रो आली तेव्हा तिचे प्रवासी कोठून येणार होते? दुचाकीवरून, की त्याच रस्त्याने जाणाऱ्या बसमधून? दुचाकीवाला आला तर रस्ता मोकळा होतो. बसवाला आला तर आरटीसीचा गल्ला कमी होतो आणि रस्ता होता तसाच राहतो.

आपल्या मेट्रोची हजेरी

आता आपल्या दारातली परीक्षा. हैदराबाद मेट्रोचे नियोजन झाले तेव्हा तीन मार्गिका, सुमारे ७१ किलोमीटर लांबी, आणि प्रवासी २०१४ पर्यंत रोज १५ लाख, २०२४ पर्यंत २२ लाख, असे आकडे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात पहिली गाडी २०१७ च्या नोव्हेंबरात धावली. ७ फेब्रुवारी २०२० ला जेबीएस-एमजीबीएस हा भाग सुरू झाला तेव्हा लांबी ६९ किलोमीटर झाली होती. जुन्या शहरातला फलकनुमापर्यंतचा तुकडा राहूनच गेला. पुढच्याच महिन्यात करोनाची टाळेबंदी आली, त्यापूर्वी प्रवासी रोज चार लाखांच्या घरात होते. २०२३ च्या जुलैत पाच लाखांचा टप्पा ओलांडला, तेव्हा ती बातमी झाली.

पंधरा किंवा बावीस लाख कुठे आणि पाच लाख कुठे! हे दोन आकडे शेजारी ठेवून नियोजकांना हसणे सोपे आहे. चहाच्या टपरीवर मीही हसलो आहे. पण प्रामाणिक तपासणी म्हणजे हसणे नव्हे. मॉडेलला जे शहर सांगितले होते ते शहर त्याला परीक्षेत मिळालेच नाही. जुन्या शहराची मार्गिका नव्हती. स्टेशनला नेऊन सोडणाऱ्या छोट्या गाड्या पुरेशा नव्हत्या. करोनानंतर हायटेक सिटीची कितीतरी ऑफिसे घरातूनच चालू लागली. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महिलांना आरटीसीच्या ठरावीक गाड्यांतून मोफत प्रवास मिळाला. ज्या मॉडेलने भाडे कमी-जास्त झालेले पाहिले पण शून्य झालेले कधी पाहिले नाही, त्याने या दिवसाचा अंदाज कसा बांधावा?

म्हणून दोन चुका वेगळ्या करायला हव्यात. मॉडेलने माणसाचे मन चुकीचे ओळखले, ही एक. मॉडेलला उद्याचे शहर चुकीचे सांगितले, ही दुसरी. दुसरीचे खापर पहिलीवर फोडले तर शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

हे दुखणे आपल्याच शहराचे आहे असेही नाही. फ्लिवबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचा ताळा घेतला. त्यांत २७ प्रकल्प रेल्वेचे होते. दर दहा रेल्वे प्रकल्पांपैकी नऊंमध्ये प्रवाशांचा अंदाज फुगलेला निघाला. सरासरी पाहिली तर अंदाज हजेरीच्या दुपटीहून जास्त होता. निव्वळ योगायोगाच्या चुका असत्या तर निम्मे अंदाज कमी निघाले असते. सगळेच एका बाजूला झुकतात तेव्हा तराजूवर कोणाचा तरी अंगठा आहे असे समजावे.

इराणी हॉटेलातले बारा फॉर्म

आता ती माझी गोष्ट.

डिप्लोमा झाला आणि सरकारी नोकरी लागेपर्यंत मध्ये थोडा काळ मोकळा होता. तेव्हा रस्ता रुंदीकरणासाठी एका खासगी संस्थेतर्फे घरोघर आणि थांब्यांवर प्रवाशांची पाहणी चालू होती. मेट्रोशी त्याचा काही संबंध नव्हता. फॉर्ममागे ठरावीक पैसे मिळत. माझ्या वाट्याला चिलकलगुडा आणि रेतीफाईलचा थांबा आला होता.

एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला. बारा फॉर्म उरले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्यायचे होते. मी आणि माझा सोबती एका इराणी हॉटेलात शिरलो, दोन चहा आणि उस्मानिया बिस्किटे मागवली, आणि बाराही फॉर्म तिथेच बसून भरले. नावे सुचवायला सोबती होता, मिनिटे आणि पैसे मी लिहीत होतो. कोणी विचारले नाही, कोणी पकडले नाही. पैसेही मिळाले.

पुढे नोकरीत अहवाल हाताळू लागलो, निवडीच्या मॉडेलांबद्दल वाचू लागलो, तेव्हा एके दिवशी ते बारा फॉर्म डोळ्यांपुढे उभे राहिले. माझी ती बनावट माणसे किती समजूतदार होती! सगळी तिशी-चाळिशीची. सगळी थांब्यापर्यंत बरोबर दहा मिनिटे चालणारी. वेळ वाचत असेल तर दोन रुपये जास्त देणारी, आणि पैसे वाचत असतील तर पाच मिनिटे जास्त थांबणारी. त्यांत गुडघे दुखणारी एकही म्हातारी नव्हती. कोणाच्या कडेवर मूल नव्हते. अंधार पडल्यावर पुलाखालून एकटीने जायला घाबरणारी एकही मुलगी नव्हती. खोटी माणसे मॉडेलला फार छान बसतात. सुखात्म्यांची, हुजूरबाजारांची, रावांची कोणतीही कसोटी त्यांना पकडू शकत नाही, उलट त्यांच्यामुळे जुळणी सुधारलेली दिसते. बार्टच्या मॉडेलला चालणाऱ्या माणसाने बारा पटींनी चकवले. तिथे निदान माहिती खरी होती, म्हणून चूक सापडली आणि दुरुस्त करता आली. माझ्या फॉर्मांतली चूक कोणाला सापडणार?

माझ्या आईचे गुडघे गेली काही वर्षे दुखतात. मेट्रो घरापासून फार दूर नाही, लिफ्टही आहे. पण स्टेशनपर्यंतचा फुटपाथ मध्येच तुटतो, मध्येच त्यावर गाड्या उभ्या असतात, आणि रस्ता ओलांडताना तिचा जीव वर-खाली होतो. ती अजून ऑटोनेच दवाखान्यात जाते. मॉडेलच्या भाषेत तिच्या ‘चालण्याच्या मिनिटांचे वजन’ फार मोठे आहे. तो आकडा तिच्यासारख्या कोणाला तरी विचारूनच मिळाला असता. मी ज्या बारा जणांना विचारायला हवे होते, त्यांत तिच्यासारख्या दोघी-तिघी सहज असत्या.

म्हणून आता कार्यालयात नवीन मुले पाहणीसाठी बाहेर पडतात तेव्हा मी त्यांना सांगतो: उरलेले फॉर्म कोरे परत आणा, मी काही बोलणार नाही. कोरा फॉर्म ‘इथे माहिती नाही’ एवढे तरी खरे सांगतो.

आपल्या गणरायाची एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी गणपतीला विनवले, तेव्हा त्याने अट घातली की मध्ये थांबायचे नाही. व्यासांनीही उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. बुद्धीची देवता असलेल्या लेखनिकालासुद्धा ही अट होती. आपण तर साधे कारकून.

यंदाही महाप्रसादाचा अंदाज माझ्याकडेच आहे. फक्त या वेळी मी दोन गोष्टी करणार आहे. पंगतीनिहाय वेगवेगळा अंदाज लिहून आधीच फळ्यावर लावणार आहे, म्हणजे नंतर मला तो बदलता येणार नाही. आणि दाराशी वही ठेवून प्रत्येक पंगतीची हजेरी खरोखर मोजणार आहे. चुकलो तर हसा, पण वही बघून हसा. आणि उद्या एखादा मुलगा हातात फॉर्म घेऊन तुमच्या दाराशी आला, तर त्याला पाणी द्या, पाच मिनिटे द्या आणि खरे उत्तर द्या. आपल्या शहराची पुढची गाडी कोठून जाईल, ते त्या पाच मिनिटांवरही थोडे अवलंबून असते.

गणपती बाप्पा मोरया!